चाळीस जीबीचे कंगाल

"लिंक पाठव ना."

आपल्याकडच्या रोल-प्लेइंग मंडळींचं हे बोधवाक्य आहे. नकाशा दाखवला की लिंक पाठव ना. एखादा राक्षस रंगला की कुठून घेतलास, लिंक पाठव ना. पाठवली की अंगठा येतो, कुणाच्या तरी फोल्डरमध्ये एक फाइल वाढते, आणि ती फाइल पुढे जन्मात कुणी उघडत नाही. गेल्या सहा वर्षांत मी अशा शेकडो लिंका पाठवल्या असतील. त्यातून उभं राहिलेलं एकही साहस मी अजून कुणाच्या टेबलावर खेळलेलो नाही.

मी स्वतः काही वेगळा होतो असं नाही. माझ्या कपाटात एक हार्ड डिस्क आहे. तिच्यात 'डीएनडी' नावाचं फोल्डर, त्यात 'डीएनडी नवीन', त्यात 'डीएनडी नवीन फायनल'. एकूण चाळीस जीबी. गुहांचे नकाशे, सापळ्यांचे तक्ते, टॅव्हर्नची शंभर नावं, त्या टॅव्हर्नमध्ये मिळणारे शंभर पदार्थ, बुटक्यांच्या दाढ्यांचे प्रकार. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना हिशेब मांडला. आजवर त्यातली अकरा पानं वापरली होती, आणि त्या अकरांपैकी चार टॅव्हर्नच्या मेन्यूची होती.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे उरलेलं सगळं जग तो: दरवाजा तो, दरोडेखोर तो, पाऊस तो, राणीही तोच. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, आपण काय करतो ते बाकीचे सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे पडतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डीएनडी, काढलं, तेव्हा पेटीत तीन बारक्या पुस्तिका होत्या. नियम अर्धवट, चित्रं हौशी. तेवढ्यावर लोक रात्र-रात्र खेळले, आणि जे पुस्तिकेत नव्हतं ते त्यांनी स्वतः रचलं, कारण मागायला लिंकच नव्हती.

आज फुकट काय मिळतं ते ऐका, मग तक्रार करा. या खेळाच्या मालक कंपनीनं, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, २००० साली एक खुला परवाना दिला होता: आमचे मूळ नियम घ्या आणि त्यावर तुमची पुस्तकं काढा. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना मोडीत काढायचा आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांकडून वरच्या रकमेचा पंचवीस टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायचा, असा बेत होता. खेळाडू खवळले, सबस्क्रिप्शनं धडाधड रद्द झाली, आणि २७ जानेवारीला कंपनीनं शेपूट घालून पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सोडून दिला. चारशे पानं. आता ती कंपनीलाही परत घेता येत नाहीत. बदल्यात मागणं एवढंच की मूळ कुणाचं ते लिहा.

त्या महिन्यात आमच्या ग्रुपवर फ्रेंच राज्यक्रांती चालू होती. भांडवलशाही, कॉर्पोरेट लूट, सगळं बोलून झालं. आणि त्याच आठवड्यात, त्याच ग्रुपवर, त्याच क्रांतिकारकांपैकी एकानं चोरलेल्या पुस्तकांची ड्राइव्ह लिंक टाकली. एकोणीस अंगठे. कायदेशीर चारशे पानं कुणी उतरवली का म्हणून मी विचारलं, तर उत्तर आलं, "ती तर काय, फुकटच आहेत."

हे उत्तर मी विसरणार नाही. आपल्याला फुकटची भूक नसून पळवून आणण्याची आहे. जे सन्मानानं हातावर ठेवलंय ते नको. 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाचे सगळे नियम 'आर्काइव्हज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या संमतीनं खुले आहेत. 'बेसिक फँटसी' अख्खं मोफत, 'केर्न'चा मजकूर मोफत. 'वन पेज डंजन' ही स्पर्धा २००९ पासून चालते. एका पानावर एक पूर्ण साहस, आणि आलेल्या प्रवेशिका सगळ्यांना वाचायला खुल्या. नकाशे हवेत तर डायसन लोगोस या नावानं काढणारा एक माणूस वर्षानुवर्षं काळ्या शाईनं गुहा रेखाटतो आणि वाटून टाकतो. यातलं प्रत्येक काम कुणीतरी नोकरी-धंदा सांभाळून, डोळे दुखेपर्यंत बसून केलेलं आहे.

आणि आपण त्याचं काय करतो? एका कॅफेत, नाव घेत नाही, माणशी पाचशे रुपये तिकीट लावून खेळ ठेवला होता. भिंतीवर प्रोजेक्टर, त्यावर गुहेचा सुंदर नकाशा. मला तो ओळखीचा वाटला. खाली उजव्या कोपऱ्यात काढणाऱ्याची सही असते. तिथे बघितलं तर नकाशा बरोबर तेवढाच कापलेला. सही घालवण्यासाठी गुहेची एक खोलीसुद्धा घालवली होती. खेळ सुरू झाला, आमच्यातला एक जण त्याच खोलीच्या दिशेनं निघाला, तर डंजन मास्टर म्हणाला, "तिकडे भिंत आहे." मी नकाशा पाहिलेला. तिकडे पायऱ्या होत्या.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे उसन्या मालाचा दोष नेमका कुठे असतो ते कळेल. फुकटात उतरवलेलं एक बत्तीस पानी साहस मी रविवारी दुपारी टेबलावर मांडलं. सुरुवात अर्थातच टॅव्हर्नमध्ये. कोपऱ्यात झगा पांघरलेला म्हातारा. चौकटीत छापलेला मजकूर मी इंग्रजीत, घसा खाकरून, वाचून दाखवला. म्हाताऱ्याच्या अंगठीवरचं चिन्ह बघितलं की पुढे गढीत जायचं, अशी लेखकाची योजना. माझ्या खेळाडूंपैकी एकानंही अंगठीकडे बघितलं नाही. आमच्यातल्या दंतवैद्य बाईंनी म्हाताऱ्याचे दात तपासले. एकानं टॅव्हर्न विकत घ्यायचा सौदा सुरू केला. मी पान उलटून बघतोय, पुढच्या तीस पानांत टॅव्हर्नबाहेरचंच सगळं लिहिलेलं. दीड तास आम्ही तिथेच. शेवटी म्हातारा स्वतःहून अंगठी त्यांच्या नाकासमोर नाचवायला लागला, आणि चिवड्याच्या बशीतून मान वर न काढता एक जण म्हणाला, "कळलं रे बाबा, अंगठी."

त्या रात्री मी एक लेख वाचला, तोही फुकटच. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाचा, 'तीन धाग्यांचा नियम' म्हणून गाजलेला. म्हणणं सोपं आहे: खेळाडूंना जी गोष्ट उमगायलाच हवी तिचे निदान तीन माग पेरा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरा लागू पडेल. त्याच्याच दुसऱ्या लेखाचं सांगणं, कथानक लिहू नका, परिस्थिती मांडा. कोण कुठे आहे, कुणाला काय हवंय, कुणी काहीच केलं नाही तर उद्या काय होईल. माझ्या चाळीस जीबीतलं काहीही या दोन लेखांइतकं कामाचं निघालं नाही. आणि हे दोन लेख त्या चाळीस जीबीत नव्हते. त्यांत नकाशा नाही, चित्र नाही, म्हणून मी कधी उतरवलेच नव्हते.

राहिला प्रेरणेचा प्रश्न. "काही सुचत नाही रे, कुठे काही इन्स्पिरेशन मिळेल का?" हे वाक्य बोलणाऱ्याला मी आता उलट विचारतो: गेल्या वर्षात नियमांचं पुस्तक सोडून काय वाचलंस? बहुतेक वेळा शांतता पसरते. गायगॅक्सनं १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये शेवटी एक परिशिष्ट जोडलं, 'एन' क्रमांकाचं. त्यात राक्षस नाहीत, तक्ते नाहीत. त्यानं वाचलेल्या लेखकांची यादी आहे: हॉवर्ड, लायबर, व्हान्स, लव्हक्राफ्ट, टॉल्किन आणि कितीतरी. त्याच्या भोवताली जे स्वस्त कथांचं जंगल होतं, त्यातून त्याचा खेळ उगवला. आपण त्याच्या जंगलातलं वाळकं लाकूड पीडीएफमधून आणतो आणि म्हणतो, पेट घेत नाही.

बरं, त्याच्या जंगलात आपलंही थोडं पोचलं होतं. काय अवस्थेत, ते बघण्यासारखं आहे. या खेळातला 'राक्षस' वाघाच्या तोंडाचा, अंगात झगा, हातात पाइप, आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणानं मरणारा. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो तसा आला, आणि बाणाची युक्ती कुठल्या पुराणातली नाही. ती आली 'कोल्चॅक' नावाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेतून, जिच्यात शिकागोत एक राक्षस म्हाताऱ्यांना खात फिरतो. ठीक आहे, त्यांना तेवढंच माहीत होतं. पण मराठी मुलगा, ज्याच्या आजीनं त्याला मुंज्या, हडळ, झोटिंग आणि चकवा यांच्यातला फरक समजावून सांगितलाय, तोसुद्धा टेबलावर हाच शिकागोचा राक्षस आणतो आणि त्याला 'रॅकशासा' म्हणतो! कपाळावर हात मारून घ्यायला माझे हात अपुरे पडतात.

आता जरा जवळून दाखवतो. ब्रिटिश सरकारनं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर काढलं, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली. ठाण्याचे खंड १८८२ चे, पुण्याचे तीन भाग १८८५ चे. हक्क कधीच संपलेत, स्कॅन मोफत आहेत. कोणता घाट बैलगाडीचा, कोणता लादलेल्या बैलांचा आणि कोणत्यानं नुसतं माणूसच उतरू शकतं, असल्या नोंदी त्यात पानोपानी. कुठल्या बाजाराला काय येतं, कुठल्या देवळाची जत्रा कधी, कुठला किल्ला कुणी कसा घेतला. कुठलाही परदेशी 'वर्ल्ड-बिल्डर' असा एक खंड मिळाला तर जपून ठेवेल. आपल्याकडे जिल्हावार पडलेत.

नाणेघाट घ्या. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरला जाणारी जुनी वाट. माथ्यावर मोठा दगडी रांजण. जकात यात टाकत, असं सांगतात. खिंडीच्या तोंडाशी खोदलेली खोली, भिंतींवर सातवाहनांचा ब्राह्मी लेख. त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची यादी: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. खजिन्याचा तक्ता शोधत इंटरनेट पालथं घालणाऱ्यांनो, हा घ्या, दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला. आणि मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. वर नावं कोरलेली: सिमुक, सातकर्णी, नागनिका. नावं वाचता येतात. प्रतिमा गेल्या. खाली उरलीत फक्त पावलं.

मी ही खोली टेबलावर आणली, एवढंच. नावं बदलली, काळ धूसर ठेवला, आणि खेळाडूंना सांगितलं: काल संध्याकाळी तांडा वर चढला तेव्हा मूर्ती होत्या. आज पहाटे नुसती पावलं आहेत, आणि रांजणात टाकलेली जकात कुणीतरी मोजून, ढीग लावून, बाहेर ठेवली आहे. तीन माग पेरले. फासे तासभर कुणी हातात घेतले नाहीत. दंतवैद्य बाई जकातदाराशी घासाघीस करत होत्या, मराठीत, "अहो, बैल बारा आहेत, तुम्ही पंधरांचं कसं घेता?" आणि जकातदार झालेल्या माझ्या तोंडून असलं खास सरकारी उत्तर निघालं की मलाच माझ्या तलाठी आजोबांची आठवण झाली. सहा वर्षं आम्ही सगळे घरचे मराठी असून टेबलावर इंग्रजी बोलत होतो. इंग्रजीत आम्हाला लढता यायचं. भांडता यायचं नाही.

दुसरं उदाहरण याहून सोपं आहे. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीचा वेतोबा. भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. आता हे गाव आणि हा देव बाजूला ठेवा, तसंच एखादं गाव मनात रचा, आणि पुजाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य घाला: "आठ दिवस झाले, चपला झिजल्या नाहीत." झालं तुमचं साहस. यासाठी किती जीबी लागले?

प्रवास हवा असेल तर गोडसे भटजी आहेतच. वरसईच्या विष्णुभटांवर घरचं कर्ज. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर निघाले, आणि निघाले ते सरळ १८५७ च्या वणव्यात. झाशीचा वेढा आतून पाहिला, कमावलेलं लुटलं गेलं, पुन्हा कमावलं, पुन्हा गेलं. घरी आले ते गंगेची कावड घेऊन. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आलं. पहिल्या पातळीचं पात्र कसं असावं, याचा याहून चांगला नमुना मला कुठल्या नियमपुस्तकात मिळालेला नाही: खिशात काही नाही, अंगात तलवारबाजी नाही, पण निघण्याचं कारण पक्कं. आपल्याकडचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतात, म्हणजे अशा जुन्या मराठी पुस्तकांचं अख्खं कोठार उघडं आहे.

हे वाचून उद्या कुणी गॅझेटिअर उघडून त्यातल्या 'गुन्हेगार जातीं'चं पान काढेल आणि रामोशी-पारध्यांना गॉब्लिनच्या जागी बसवेल, हेही मला दिसतंय. तसं केलंत तर मी तुमच्या टेबलावरून उठून जाईन. ती पुस्तकं महसूल आणि पोलीस चालवणाऱ्या साहेबांनी लिहिली. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली त्या शिक्क्यातून सुटल्या, आणि अजून कुठल्याही चौकीत तो शिक्का पुसलेला नाही. घाट घ्या, बाजार घ्या, साहेबाची नजर घेऊ नका. तसंच देवांचं. १९८० मध्ये निघालेल्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये इंद्राला, अग्नीला हिट पॉइंट दिले होते, म्हणजे किती घाव घातले की देव मरेल त्याचा आकडा. ज्या देवापुढे टेबलावरच्या कुणाची आई नवस बोलते, त्याला आकडा लावू नका. चपला झिजल्या नाहीत एवढं पुरतं; देव कुठे गेला ते खेळाडू आपापसात ठरवतील.

"पण आमच्या पोरांना ड्रॅगनच हवा असतो." हवा असेल तर आणा. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी आहे, चार खांबांपैकी एकच धड उरलाय, आणि तो पडला की जग बुडणार असं लोक म्हणतात. त्या खांबाला विळखा घालून तुमचा ड्रॅगन बसवा. माझी काही हरकत नाही. तो तिथे का बसलाय एवढं मात्र ठरवून या.

आता तर नवीन तऱ्हा निघाली आहे. पीडीएफ उघडायचेही कष्ट नकोत. यंत्राला सांगायचं, "चार खेळाडूंसाठी साहस लिही," आणि ते अर्ध्या मिनिटात लिहून देतं. मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा टॅव्हर्न, तिन्ही वेळा झग्यातला म्हातारा. त्या यंत्राला दोष देत नाही. ते आपलाच ढिगारा वाचून मोठं झालंय.

नाणेघाट जुन्नरपासून तीसेक किलोमीटर आहे. पावसाळ्यानंतर जा, वही न्या, पावलांपुढे बसा. घरी बसूनच करायचं असेल तर गॅझेटिअरचा कुठलाही एक खंड उघडा, तुमच्या आजोळचा तालुका काढा आणि दोन पानं नीट वाचा. तो खंड शोधायला दोन मिनिटं लागतात. त्याची लिंक मात्र मला मागू नका. पाठवणार नाही.